कोनाडा नसलेलं घर

ही गोष्ट खरी आहे. आई तुळजाभवानीची शपथ, अक्षर न् अक्षर खरी, या डोळ्यांनी बघितलेली. आता सगळीच डोळ्यांनी बघितली असं नाही. काही कानांनी ऐकली, काही दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघितली, आणि एक तुकडा तर साफ माझ्या पदरचा आहे. तो कोणता, हे शोधत बसू नका. शेवटी मीच सांगेन. तोवर शपथ ती शपथच धरा, आणि त्या कंदिलाची वात जरा वर करा.

नळदुर्गात माझा जुन्या लाकडाचा धंदा. पडक्या घरांच्या चौकटी, दारं, तुळया, खुंट्या घ्यायच्या, घासूनपुसून तेल पाजायचं आणि नव्या घरांना विकायच्या. निजामाचं राज्य अजून जोरात होतं, त्या काळातल्या एका उन्हाळ्यात मी बैलगाडीत एक सागवानी चौकट घातली आणि जळकोटला निघालो. वर कमळं, दोन्ही अंगांना पोपट, मधोमध गणपती. अशी चौकट बघितली की घरमालकाचा हात आपोआप मिशीवर जातो. माझा दोस्त अण्णाराव नवं घर बांधत होता, आणि ती त्याच्याच दाराला शोभणार होती.

अण्णाराव लिंगायत, करडीच्या तेलाचा व्यापारी. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू बोलायचा, आणि तिन्ही भाषांत कमीच बोलायचा. त्यानं चौकटीवरून हात फिरवला.

"बलभीम, पोपट लई ग्वाड हायेत. परत न्ये."

"का रं? कमळं न्हाय आवडली?"

"माझ्या घराला नक्षी न्हाय. उंबरा न्हाय. खुंटी न्हाय. कोनाडा तर न्हायच."

"मग हाय तरी काय?"

"भिंत," अण्णाराव म्हणाला.

वर परांचीवर वीरप्पा गवंडी बसला होता. तो तिथूनच ओरडला, "म्या बी रोज तेच इचारतो बघा! म्हणतो, मालक, दिवा कुठं ठिवायचा? तर म्हणत्यात, खाली. टोपी कुठं अडकवायची? तर म्हणत्यात, डोक्यावर!"

अण्णाराव तेलाच्या कामानं हैदराबादला गेला होता. तिथं विलायतेहून शिकून आलेल्या कुणा इंजिनियरचं घर त्यानं बघितलं होतं. "खोलीत एक खुर्ची, बलभीम. अन् एक खिडकी. बाकी नुसता उजेड. एकाच जागी उभं ऱ्हायलं की सगळं घर दिसतं. कुठं काय दडून बसायला जागाच न्हाय." बोलताना त्याचा आवाज असा झाला, जसा माणूस देवदर्शनाचं सांगतो.

घर तसंच झालं. चौकोनी, ठेंगणं, पांढरं. खाली शहाबादी फरशी, वर लोखंडी गर्डरांवर फरशा. गिलाव्याच्या चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर, आणि तो असा घोटलेला की माशी बसली तर घसरावी. दोन खोल्या, आणि स्वयंपाकाची एक पडवी मागच्या अंगाला, वेगळी. गावात चेष्टा झाली. कुणी म्हणालं सरकारी गोदाम, कुणी म्हणालं अण्णारावनं दुष्काळ पडायच्या आधीच आणून ठेवला. पण त्याच्या बायकोसमोर, महादेवीसमोर, कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

जुन्या घराच्या भिंतींत इतके कोनाडे होते की भिंत कमी आणि कोनाडे जास्त. कशात दिवा, कशात मापं, कशात मोडकी कुलपं, कशात काय आहे हे घरच्यांनाही आठवत नव्हतं. त्यांची नीलम्मा, लाडाची नीलू, नुकती नीट बोलायला लागली होती. गुळाचा खडा हवा म्हणून तिनं एका कोनाड्यात हात घातला. आत तांबडा विंचू होता. गाडी जुंपली, नळदुर्गच्या दवाखान्याकडं निघाली... पोर वाटेतच गेली.

मातीला मी होतो. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, निजवूनही पुरत नाहीत. खड्डा खणतात, खड्ड्याच्या एका अंगाला मांडी घालून बसता येईल एवढा कोनाडा कोरतात, आणि त्यात मेलेल्या माणसाला बसवतात. हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग, कपाळाला भस्म, पाठ मातीला टेकलेली. खणणाऱ्यानं कोनाडा कोरायला कुदळ उचलली आणि अण्णाराव असा ओरडला की माणसं दचकून मागं सरली.

"कोनाडा नको!"

ईरण्णा अय्या, त्यांचे जंगम गुरू, हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, लेकराला बसायला जागा लागती..."

"बसंल ती खड्ड्यात. कोनाड्यात माझी पोर परत जानार न्हाय."

अशा बापाशी कोण वाद घालणार? नीलूला उघड्या खड्ड्यात मधोमध बसवलं. पण जीव गेलेलं अंग, ते कशाच्या आधारावर बसणार? एका अंगाला कलायला लागलं. मग अण्णाराव स्वतः खाली उतरला. माती तिच्या छातीपर्यंत येईतो त्यानं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग लोकांनी त्याला वर ओढून काढलं.

म्हणून त्या घराला कोनाडा नव्हता.

घरभरणीला मी गेलो होतो. ईरण्णा अय्यांनी मंत्र म्हटला आणि घरानं तो परत म्हटला. नुसत्या भिंती, नुसती फरशी. आवाज घुमायचा तर किती! पाण्याचा तांब्या ठेवला तरी देवळाची घंटा वाजल्यासारखं व्हायचं. मला कुठलं गप्प राहवतंय? मी आतल्या खोलीत जाऊन ओरडलो, "अण्णाराव कंजूस!" भिंती म्हणाल्या, कंजूस, कंजूस. माणसं हसली. पदरामागं महादेवीसुद्धा हसली, नीलू गेल्यापासून पहिल्यांदा. अण्णाराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घुमू दे. घुमतंय म्हंजी आत कुणी न्हाय."

दिवाळी सरली. करडी पेरून झाली. आणि आतल्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला, फरशीपासून थोडं वर, गिलावा फुगला. दुसऱ्या दिवशी तिथं खळगा होता. पणती मावेल एवढा.

अण्णारावनं वीरप्पाला बोलावून शिव्या घातल्या. चुना कच्चा, हात कच्चा, बाप कच्चा. वीरप्पानं मुकाट खळगा बुजवला. तो पुन्हा झाला, या वेळी नारळाएवढा. पुन्हा बुजवला, घोटला, वर हात फिरवून अण्णारावला दाखवला. मग तो तांब्याएवढा झाला, मग घागरीएवढा. हातभर जाडीची दगडी भिंत. बाहेरच्या अंगाला केसाएवढी चीर नाही. आणि आत एवढे दगड, एवढा चुना भिंतीतून निघून गेला, तरी खाली फरशीवर चिमूटभर मातीही सांडलेली नसायची. ते सगळं गेलं कुठं?

वीरप्पानं शेवटी थापी धुतली, पिशवीत घातली आणि म्हणाला, "मालक, म्या भिंत बांधतो. पर भिंतीच्या मनात नसंल तर म्या काय करू?" त्यानंतर तो त्या घराकडं फिरकला नाही.

मग अण्णारावचा मला निरोप आला: एक जाड सागवानी फळी घेऊन ये, ठोकून बंद करायचंय.

मी फळी घेऊन पोचलो तेव्हा मध्यान्ह झाली होती. गावात अशा वेळी कुत्रंही भुंकत नाही. अण्णाराव घरी नव्हता. सोलापूरहून सिमिटाचं पोतं मागवलं होतं, ते करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडकलं होतं म्हणून सोडवायला गेला होता. महादेवी बाहेर लिंबाखाली सुपात तूर पाखडत होती. मी बघितलं, ती सूप अजिबात आवाज न करता हलवत होती.

"आत जावा, भावजी," ती म्हणाली. "पर हळू..."

मी आत गेलो. माझ्या पायात कोल्हापुरी वहाणा, नाल ठोकलेल्या. शहाबादी फरशीवर त्या टापांसारख्या वाजायच्या. पहिलं पाऊल टाकलं, आणि वाजलं नाही. म्हणजे वाजलं, पण तिथंच पायाशी पडलं. मी खाकरलो. आवाज ओठांपाशीच विरला. मी म्हणालो, "अण्णाराव?" तो घरात नाही हे ठाऊक असून म्हणालो. भिंतींनी एक अक्षर परत दिलं नाही.

तुम्ही लग्नघरात गेला आहात ना? माणसं खच्चून भरली, मांडीला मांडी लावून बसली, की आवाज कसा मऊ होतो, बसतो? तसं. आणि मी बघतोय, तर घर उघडं. खुर्ची नाही, फडताळ नाही, अंथरूण नाही. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. एका जागी उभं राहून सगळं घर दिसत होतं.

आणि घर घुमत नव्हतं.

मनात आलं, फळी टाकावी आणि गाडी हाकावी. पण बैल सोडले होते आणि महादेवी बघत होती. मी आतल्या खोलीत गेलो.

वीरप्पा चांगला गवंडी होता, पण तसा कोनाडा त्याच्या हातून झाला नसता. वर कमान, आतून गोल, कडा मडक्याच्या काठासारख्या गुळगुळीत. छिन्नीचा ओरखडा नाही. लहान मूल मांडी घालून बसेल, डोकं वर टेकणार नाही, एवढाच. तळाला दोन उथळ खळगे होते. जाजमावर कुणी बराच वेळ बसून उठलं की राहतात ना, तसे. वास येत होता... खोल खणलेल्या ओल्या मातीचा, भस्माचा. आणि गुळाचा.

मी खाली बसलो. फळी आडवी धरून बघितली. माप घ्यायला वाकलो तेव्हा कान कोनाड्याच्या तोंडाशी गेला, आणि तेव्हा कळलं की घरातला सगळा नाद गेला कुठं होता. तो आत होता. माझा श्वास आतून परत येत होता, हलका, ऊबदार. मला हसू आलं. म्हटलं, बलभीम, गड्या, स्वतःच्याच श्वासाला भ्यालास. खात्री करावी म्हणून मी श्वास धरला.

आतला चालूच होता.

किती वेळ तसा बसलो सांगता येत नाही. मागून हळू आवाज आला.

"फळी काढा, भावजी... तिला अंधाराचं भ्या वाटतंय."

"वहिनी... आत..."

"हळू बोला. आत्ताच निजलीया."

मी फळी काढली. महादेवी कोनाड्यापाशी येऊन बसली आणि आत हात न घालता नुसतं म्हणाली, "बा कंदा, बा." कानडीत म्हणजे, ये बाळा, ये. असं ती अंगणात खेळणाऱ्या पोरीला बोलवायची.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. अण्णाराव आला. सिमिटाचं पोतं त्यानं स्वतःच खांद्यावरून आणलं, घमेल्यात वाळू ओतली, पाणी ओतलं, आणि कालवायला लागला. थापी त्याच्या हातात तलवारीसारखी दिसत होती.

"महादेवी, ऊठ."

"न्हाय उठनार."

"त्यात काय तरी बसतंय, ऊठ म्हंतो!"

"व्हय. बसतंय."

"इंचू बसंल! साप बसंल! एक भोक ऱ्हायलं तर घर कशापायी बांधलं म्या? सांग की! कुनासाठी बांधलं?"

"तेच इचारते म्या," महादेवी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "कुनासाठी? तुमी तिला बसाया जागा दिली न्हाय."

"धरून बसवली हुती म्या तिला!" अण्णाराव ओरडला. एवढा मोठा ओरडला, पण घरानं तेही गिळलं. "ह्या हातांनी धरली हुती!"

"अन् हात काढल्यावर?"

अण्णारावचे हात थापीसकट खाली आले. खिडकीतला उन्हाचा चौकोन त्याच्या पायांवर सरकला होता. मला वाटलं, हा आता घमेलं उचलून तिच्या अंगावर ओतेल, नाहीतर भिंतीवर डोकं आपटेल. मी मधे पडायला उठलोसुद्धा. त्यानं थापी खाली ठेवली. महादेवीच्या शेजारी गुडघे टेकले. आणि पोरीच्या मरणानंतर ज्या माणसानं भिंतीतल्या साध्या चिरेजवळ बोट नेलं नव्हतं, त्यानं डोळे मिटून उजवा हात त्या अंधारात घातला.

मनगट गेलं. कोपर गेलं. भिंत हातभर जाडीची, सांगितलंय मी तुम्हाला. तरी खांद्यापर्यंत हात आत गेला. महादेवीनं त्याचं धोतर घट्ट धरून ठेवलं, जसं विहिरीत वाकलेल्या माणसाला धरतात. मी देवाचं नाव घेत होतो का शिव्या देत होतो, आठवत नाही.

मग त्याचा चेहरा बदलला. आतल्या आत काहीतरी चाचपत होता, हळूहळू, आंधळा माणूस ओळखीच्या तोंडावरून हात फिरवतो तसं. हात बाहेर काढला तेव्हा तळव्याला भस्म होतं.

"महादेवी..." तो म्हणाला. "पाठ टेकून बसलीया गं..."

आणि तो रडायला लागला. नीलूच्या मातीला तो रडला नव्हता. घमेल्यातलं सिमिट तसंच राहिलं आणि संध्याकाळपर्यंत दगड झालं. माझी फळी मी परत नेली.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. कोनाडा राहिला. त्यात कुणी दिवा ठेवला नाही, देव ठेवला नाही, काहीच ठेवलं नाही. बाकीचं घर होतं तसंच, पांढरं आणि उघडं. आलेल्या पाहुण्याला अण्णाराव दोन्ही खोल्या दाखवायचा आणि त्या भिंतीपाशी आवाज खाली आणायचा. कोनाडाही तेवढाच राहिला. पोर तेवढीच, म्हणून कोनाडा तेवढाच. आईबापाला जे द्यायचं राहून गेलं होतं ते दिलं गेलं, आणि घर शांत झालं.

बाजारात मी ही गोष्ट इथंच संपवतो. बायाबापड्या डोळे पुसतात, पुरुष मान हलवतात, कुणीतरी चहा सांगतं.

पण आज शपथ घेतली आहे, तेव्हा कबूल करतो. विंचू खरा. खड्डा खरा. तो श्वास खरा, अगदी खरा. मी माझ्या पदरचं जोडलं ते एवढंच, की कोनाडा तेवढाच राहिला.

तो थांबला नाही. आता रोजच्या रोज नाही वाढत. पोरं वाढतात तसा वाढतो. आज बघितलं, उद्या बघितलं तर कळत नाही. वर्षानं गेलं की चटकन डोळ्यात भरतं. रझाकारांच्या धामधुमीत गावचे बरेच लोक सोलापूरकडं निघून गेले, तेव्हा अण्णारावही महादेवीला घेऊन गेला. ती यायला तयार नव्हती. त्यानं तिला गाडीत जवळजवळ बांधूनच नेलं. पोलीस ॲक्शन झाल्यावर परतले तेव्हा त्यांच्याबरोबर मी होतो. घर लुटलं नव्हतं. लुटायला होतं काय? फरशीवर बोटभर धूळ साचली होती, तिच्यावर उंदराचंही पाऊल नव्हतं. कोनाडा तेवढा आतून झाडल्यासारखा स्वच्छ. आणि कमान माझ्या कमरेच्या वर गेलेली. महादेवी बघत राहिली. मग कौतुकानं, पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "उंची बापावर गेली बघा."

परवा अण्णाराव माझ्या वखारीत आला. केस पिकले आहेत आता. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडून एक खुंटीसुद्धा घेतली नव्हती. लाकडांतून हिंडला, एक अरुंद, साधं, एकफळी दार निवडलं आणि वितीनं मापून बघितलं.

"हे दे. नक्षी न्हाय ना ह्याला?"

"न्हाय. पर तुझ्या घरात दार कुठं लावनार, अण्णाराव?"

तो दाराच्या कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला.

"पोर मोठी झाली, बलभीम," तो म्हणाला. "आता आडोसा पायजे तिला."

मी हातोडी घेतली, डब्यातून कडी शोधली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कडी ह्या अंगाला ठोकू? बाहेरनं?"

"न्हाय न्हाय," अण्णाराव घाईनं म्हणाला, आणि वखारीत आम्ही दोघंच असून त्यानं आवाज खाली आणला. "आतनं ठोक. न इचारता उघडलेलं तिला आता खपत न्हाय..."